तोफेखालचं झाकण

आधी त्यांचं सांगतो, मग काय झालं ते. मला वाचवलं ते मोहाडी तालुक्यातल्या एका गावच्या फौजी काकांनी. गावात त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही, आणि मीही इथं त्यांचं नाव घालत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. सत्तरीच्या पुढचे, बुटके, डाव्या कानानं कमी ऐकू येणारे. सगळी नोकरी त्यांनी रणगाड्याच्या पलटणीत काढली, तोफ फिरवायच्या जागेवर. आता दोन एकर धान लावतात. त्यांच्या शब्दावर दोर ओढायला आलेल्या रोजगार हमीच्या बायकांचेही माझ्यावर उपकार आहेत, पण त्यांना बोलावलं काकांनी, थांबवलं काकांनी आणि पुन्हा ओढायला लावलं तेही काकांनीच.

मी जत तालुक्यातला. शाळा सातवीत सोडली. धाकट्याला शाळेत ठेवायचं तर घरात एकानं कमवायला लागणार होतं, आणि मी तसाही गणिताच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून घरी येणारा. पुढं क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. आता लो-बेड ट्रेलर चालवतो. पोकलेन, ट्रान्सफॉर्मर, कारखान्याचे बॉयलर, असलं न हलणारं सामान मी हलवतो. वर्षातले दहा महिने घराबाहेर. माल बांधला की साखळ्या तीनदा बघतो, आणि वीस किलोमीटरवर थांबून चौथ्यांदा. बायको म्हणते, तुम्हाला काळजी करायला कारण लागत नाही, नुसती सवड लागते.

धाकटा बारावी झाला आणि फौजेत गेला. तो रणगाडा चालवतो. दोघं ड्रायव्हरच झालो म्हणून आई हसायची. एकाच्या गाडीला चाकं, दुसऱ्याच्या गाडीला पट्टे, एवढाच फरक, असं तिला वाटायचं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मला सैन्याच्या एका डेपोतून भाडं मिळालं. एक जुना, निकामी केलेला रणगाडा भंडारा जिल्ह्यातल्या या गावात पोचवायचा. गावातून बरेच जण फौजेत गेलेले, त्यांच्या आठवणीसाठी रस्त्याकडेला चौथरा बांधून तो वर ठेवणार होते. त्या दिवसांत सीमेवर गडबड चालू होती. धाकट्याचा फोन आठ दिवस बंद होता. आई रोज मला फोन करायची, जसं काही मी त्याच्या शेजारीच उभा आहे. आणि मी घरापासूनही आठशे किलोमीटर दूर, पाठीवर एक मेलेला रणगाडा घेऊन चाललेलो.

गावात पोचलो तेव्हा तुमसरहून क्रेन यायची होती. चौथऱ्यासमोरच चहाची टपरी. तिथं चाळीस माणसं जमलेली आणि चाळीस मतं. मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला एक गडी सगळ्यांना फोनवर चित्रफिती दाखवत होता. परदेशातल्या कुठल्या तरी लढाईतल्या. आकाशातून खेळण्याएवढं ड्रोन खाली येतं, रणगाड्याच्या डोक्यावर बसतं, आणि नुसता धूर.

"पाहून घ्या," तो म्हणाला. "एवढ्याशा पाखरानं एवढा हत्ती मारला. आता हे रणगाडे म्हंजे डब्बे झाले डब्बे. शेजाऱ्यायजवळ नवीन मिसाईल, नवीन ड्रोन, आन आपन हेच चालवून राहिलो."

"आपल्याजवळ काहीच नाही का बे?" समितीचे अध्यक्ष म्हणाले. चौथऱ्यासाठी वर्गणी गोळा करणारे तेच. "आपल्याजवळ बी नवीन हायेत. पेपरात येते ना."

"पेपरात तं तलावाचं खोलीकरन बी झालं, भाऊ. जाऊन पाहा."

सगळे हसले. मी हसलो नाही. चित्रफीत परत दाखव म्हणावंसं वाटत होतं आणि बघवतही नव्हती. धूर येतो त्याच्या आत कुणीतरी असतं ना. पुढच्या बाजूला, खाली, ड्रायव्हर असतो. मी भीतभीत विचारलं, "आतली माणसं निघत्यात का बाहेर?"

"कोन जाने, उस्ताद. तेवढं नाही दाखवत."

बाकाच्या टोकाला एक म्हातारे बसले होते. ओल्या दुपट्ट्यानं डोकं बांधलेलं. कुणीतरी म्हणालं, "फौजी काकाले विचारा ना. यायनं तं जिंदगी काढली यात." काका चहा पीत राहिले. कमी ऐकू येतं म्हणून असेल, किंवा सांगायचं नसेल. आमच्या ट्रेलरकडे मात्र ते बराच वेळ बघत होते.

क्रेन आली. दहा वाजेपर्यंत रणगाडा चौथऱ्यावर बसला. मी साखळ्या गोळा करायला लागलो. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून ओरडा झाला. रणगाडा नेताना तोफ मागं फिरवून बांधतात, म्हणजे नळी पुढं निघून कशाला अडकत नाही. त्यामुळे गाडीचं तोंड रस्त्याकडे आणि तोफेचं तोंड गावाकडे, नेमकं मारुतीच्या देवळावर.

"अवो, देवावर नेम धरून ठेवला का?" एक आजी म्हणाल्या. "फिरवा तिले. तसा नारळ नाही फोडू देनार आमी."

डेपोतल्या लोकांनी मला सांगितलं होतं की आत हातानं फिरवायचं हँडल आहे, तोफेचा अख्खा बुरूज त्यावर फिरतो. वरची दोन्ही झाकणं वेल्डिंगनं बंद केलेली, पोरंसोरं आत जाऊन अडकू नयेत म्हणून. पोटाखालचं झाकणही तसंच. फक्त पुढचं, ड्रायव्हरचं झाकण उघडं ठेवलं होतं, ते गावानं शेवटी बंद करून घ्यायचं होतं. एका सडपातळ माणसाला आत शिरता येईल एवढंच ते भोक.

क्रेनवाला पोटानं मोठा. मोबाईलवाला म्हणाला, मले तं लिफ्टमधी बी भेव लागते. मी म्हणालो, मी जातो.

कुणी सांगितलं म्हणून गेलो नाही. धाकटा बसतो ती जागा मला एकदा बघायची होती.

आत उतरलो. ती जागा म्हणजे काय सांगू. माझ्या केबिनमधल्या बर्थवर पाय पसरता येतात, पंखा आहे, देव आहेत, आईचा फोटो आहे. इथं गुडघे छातीला टेकतात. समोर दोन लोखंडी दांडे, बाजूला घड्याळं काढून नेलेली भोकं, आणि जुन्या ग्रीसचा वास. समोर बघायची काच काढून नेल्यामुळे तिथं एक फट राहिली होती, चार बोटं उंच आणि वीतभर रुंद. त्यातून रस्त्याचा एक तुकडा दिसत होता. धाकटा जग बघतो ते एवढंच, असं मनात आलं, आणि मी त्या सीटवर थोडा जास्तच वेळ बसून राहिलो.

मग मागं सरपटत बुरुजात गेलो. हँडल सापडलं. क्रेनवाला ओरडला, "ओ ड्रायव्हर, झाकन बंद कर तुझं! नळी तिथूनच येते, आदळन!" त्याचं बरोबर होतं. मी परत पुढं आलो, झाकण ओढून लावलं, पुन्हा मागं गेलो आणि फिरवायला लागलो. अर्धा तास गेला. एकेक दात कुरकुरत फिरत होता. बाहेरून आवाज येत होते, अजून, अजून, थोडं, बस्स! "आता लॉक करून टाक, हलू नको देऊ!" बुरुजाच्या कडेला एक खिटी होती. ती दाबून बसवली. बाहेर टाळ्या पडल्या. नारळ फुटल्याचा आवाज आला.

मी पुढं आलो आणि झाकण वर ढकललं. दोन बोटं उचललं आणि ठक्क झालं.

पुन्हा ढकललं. पुन्हा ठक्क. तोफेची नळी डेपोत खाली झुकलेल्या अवस्थेत पक्की केलेली होती, आणि ती आता बरोबर माझ्या झाकणावर आली होती. मी माझ्या हातानं माझ्या दारावर तोफ आणून ठेवली होती.

त्या क्षणी शहाण्या माणसानं काय केलं असतं? खिटी काढली असती आणि हँडल उलटं फिरवलं असतं. एवढं सोपं होतं. पण छातीत धडधडायला लागलं की मला डोकं राहत नाही. मी बुरुजात सरपटलो आणि खिटी न काढताच हँडलवर जीव खाऊन जोर दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आत कुठंतरी काड्कन आवाज आला आणि हँडल हातात मोकळं फिरायला लागलं. फिरतंय आणि काहीच हलत नाही.

मी ओरडलो असणार. काय ओरडलो ते आठवत नाही.

भंडाऱ्यातला मे ज्यानं बघितला नाही त्याला अकरा वाजताचं लोखंड काय असतं ते समजायचं नाही. भिंतीला हात लागला की काढून घ्यावा लागत होता. फटीला तोंड लावून मी हवा ओढत होतो. बाहेर गडबड ऐकू येत होती. क्रेनवाला म्हणाला, नळी क्रेननं उचलू. कुणी म्हणालं, ट्रॅक्टर लावू. मग अध्यक्षांचा आवाज आला. "गॅसकटरवाल्याले फोन लावा. वरचं झाकन कापू. दहा मिनिटाचं काम हाये."

"कापाचं नाही."

हा आवाज नवीन होता. मोठा नव्हता, पण लोखंडातूनही स्पष्ट आला.

"काहून नाही, काका? मानूस मरून राहिला आत!"

"म्हनूनच कापाचं नाही. आत ग्रीस हाये, जुनं तेल हाये. येक ठिनगी पडली तं पोरगा जाईल जळून. कोनी कटर आनला तं पहिले मले काप म्हनावं."

"मंग जबाबदारी तुमची?"

"माझीच हाये."

मग रणगाड्यावर कुणीतरी चढल्याचा आवाज आला. फटीतला उजेड गेला आणि तिथं एक डोळा आला, भुवई पांढरी. काका पुढच्या उतरत्या लोखंडावर पालथे झोपले होते. खाली भिजवलेलं पोतं टाकलं होतं म्हणे, पण ते किती वेळ भिजलेलं राहणार?

"काय गा, बापू," ते म्हणाले. "कुठचा तू?"

मला वाटलं, हा काय प्रश्न आहे आत्ता. "जतचा. सांगलीकडचा."

"लय दूर आला. लगन झालं?"

"झालंय. काका, मला काढा. मला श्वास घेता येईना झालाय."

"बोलून राहिला म्हंजे श्वास येऊन राहिला. हे घे." फटीतून चिंधी आली, पाण्यानं निथळणारी. "तोंडात धर, चोख. बाकीचं डोक्यावर पिळ. गिळगिळ पिऊ नको, उलटी होईल."

मी चोखली. मग दुसरी आली. मग तिसरी. मोबाईलवाला खाली बादली घेऊन उभा होता आणि चिंध्या भिजवून वर देत होता, हे नंतर कळलं. तो स्वतःचा शर्ट फाडून देत होता हेही.

"आता सांग. काय काय केलं आत? खरं सांग, लपवू नको. शिव्या नाही देत."

मी सांगितलं. झाकण, हँडल, खिटी, मग पुन्हा हँडल, मग काड्कन.

"हँडलची पिन तुटली. तुटू दे. तिचं काम नाही आपल्याले. हे पाह्य, लढाईत तोफ झाडाले आदळते, भिंतीले आदळते. तवा आतलं यंत्र मोडू नये म्हनून तिथं येक क्लच असतो. नळीले बाहेरून जोर आला का तो घसरते, आन बुरूज फिरते. आपन नळी बाहेरून ओढू. पन तुवा लावलेली खिटी निघाली पायजे. ते काम तुलेच कराचं हाये. जमन?"

"जमेल."

"अभी नको जाऊ. पहिले दम घे. मानसं येऊ दे."

माणसं येईपर्यंत ते हलले नाहीत. गावाच्या तलावात रोजगार हमीवर गाळ काढायचं काम चालू होतं, तिकडं त्यांनी कुणाला तरी पिटाळलं होतं. ट्रॅक्टर किंवा क्रेन त्यांनी नळीला लावूच दिली नाही. यंत्र झटका देतं, म्हणाले, आणि झटक्यानं क्लच घसरत नाही, फुटतो.

त्या वेळात मी त्यांना ते विचारलं. का विचारलं माहीत नाही. आपण मरणार असं वाटलं की माणूस जे विचारायची हिंमत नसते ते विचारतो. "काका, माझा धाकटा भाऊ ह्याच जागेवर बसतो. फौजेत. आठ दिवस फोन नाही. तो टपरीवरचा म्हणाला ते खरं आहे का? आपले रणगाडे टिकतील का त्या लोकांपुढं?"

वरून त्यांच्या कपाळाचा घाम फटीत ठिबकत होता.

"खोटं कायले बोलू," ते म्हणाले. "मी होतो तवा भेव समोरून येत होतं. म्हनून समोरचं लोखंड जाड. डोक्यावरचं पातळ. आता ते वरूनच येतेत. जाळ्या लावतेत म्हने वरून, पिंजऱ्यावानी. काही अटकतेत, काही नाही अटकत. नवीन गाड्या आपल्याजवळ हायेत, जुन्या बी हायेत. त्यायच्याजवळ बी तसंच हाये. बरोबरी होईल का नाही हे मले मालूम नाही. ज्यायले मालूम हाये ते टपरीवर बसत नाही."

मला रडू आलं. काका म्हणाले, "ऐक ना गा. जे मले मालूम हाये ते सांगतो. रनगाड्यात चार मानसं. मी तोफेवर, म्हंजे गन्नर, तुझा भाऊ खाली. तोफ फिरवाच्या पहिले मी त्याले विचारतो, फिरवू? तो हो म्हनल्याबिगर फिरवाची नाही. गाडी थांबली का पहिले नळी बाजूले घ्याची आन त्याचं झाकन मोकळं कराचं. मंग बाकी सगळं. चहा बी मंग. हे रोज कराचं, भूक लागली असो, झोप लागली असो. याले मशीन लागत नाही. त्याचा गन्नर हे करत असन तं तुझ्या भावाले बाहेर निंगाले वाट हाये. मिसाईल आलं तं आलं, ते कोनाच्या बापाले थांबत नाही. पन वाट मोकळी हाये का नाही, हे आपल्या हातात राहते."

माझ्यापाशी गन्नर नव्हता, म्हणून मी आत होतो. हे मी तेव्हाच समजलो आणि आत, त्या भट्टीत, मला थोडं हसू आलं. "मीच तोफ फिरवली काका, मीच ड्रायव्हर. कुणाला विचारू?"

"तेच तं! दोन कामं येकटा करून राहिला होता तू. येकट्याचं काम नोहे हे, बापू."

मग बायका आल्या. चिखलानं भरलेल्या, डोक्यावर टोपल्या तशाच. दोर माझ्याच ट्रेलरचा होता. नळीच्या टोकाला बांधला. काका आता दोन आवाजांत बोलत होते, माझ्याशी हळू आणि बाहेर मोठ्यानं.

"बायाहो, झटका नाही माराचा. रोवनीच्या वक्ती बैलबंडी फसते ना चिखलात, तशी काढाची. दाबून, धरून. मी थांब म्हटलं का थांबाचं, मी बोलतो तंवर कोनी बोलाचं नाही."

"तुमी तं बोलतच राहाता, काका!" एक बाई म्हणाली आणि सगळ्या खदखदल्या. मला आतून तो हसण्याचा आवाज अजून आठवतो. मी मरत नाही, असं मला पहिल्यांदा त्या आवाजानं वाटलं.

मी बुरुजात गेलो. फटीपासून दूर जाणं हेच सगळ्यात अवघड होतं. तिथं डोळ्यांना काही दिसत नव्हतं. खिटी हाताला लागली, पण हँडलवर मी जो वेड्यासारखा जोर दिला होता त्यानं ती ताणात घट्ट बसली होती. ओढली, निघेना. खिशात पाना होता, त्यानं ठोकली. निघेना. हाताची कातडी गेली.

"निघत नाही!" मी ओरडलो.

"निघते," काकांचा आवाज आला. "तिच्यावर भार हाये. भार काढतो मी. बायाहो, उजवीकडे थोडं. थोडंच. धरा. तसंच धरून ठेवा. बापू, आता ठोक!"

ठोकली. काही नाही.

"आता दुसरीकडे, डावीकडे. हळू. धरा. बापू!"

दोनदा ठोकली. तिसऱ्यांदा पाना निसटून पायावर पडला. मग मी पाना न शोधता दोन्ही हातांनी खिटी धरली आणि बाहेरच्या दोराला जसा जोर लागत होता तसा तो लोखंडातून माझ्या बोटांत येताना जाणवला. एका क्षणी ती सैल झाली. लोण्यातून निघावी तशी हातात आली.

"निघाली!"

"निंगाली! आता वढा गे माय, डावीकडे वढा! नका थांबू!"

अख्खा बुरूज कण्हला. डोक्यावरचं छत माझ्याभोवती फिरायला लागलं, केसभर, मग बोटभर. वर कुठंतरी तो क्लच घसरत होता, दात खाल्ल्यासारखा. मी पुढं सरपटलो, सीटवर आलो आणि झाकण ढकलत राहिलो. ठक्क. ठक्क. ठक्क. मग ठक्क झालं नाही. झाकण वर गेलं आणि बाजूला सरकलं, आणि मला आभाळ दिसलं, पांढरंफटक, डोळे फुटतील असं.

मला ओढून काढलं क्रेनवाल्यानं. चौथऱ्यावर झोपवलं, डोक्यावर बादल्या ओतल्या. त्या आजी, मारुतीवाल्या, माझ्या तळपायाला कांदा चोळत होत्या आणि मला शिव्या देत होत्या. "सोताच्या दारावर तोफ आनून ठेवते कोनी, मेल्या?" मी म्हणालो, "चुकलो, आजी." अध्यक्ष येऊन हात जोडून उभे राहिले. कटर आणला असता तर, एवढंच म्हणाले.

काकांचा सदरा काढला तेव्हा छातीवर आणि दोन्ही कोपरांवर फोड आले होते. पोतं कधीच सुकलं होतं. ते खाली उतरले नव्हते.

मला चार दिवस त्यांच्या घरी ठेवून घेतलं. ट्रेलरच्या मालकाला अध्यक्षांनीच फोन केला. काकू लाखोरीच्या डाळीचं वरण आणि मऊ भात करून घालायच्या, आणि दोघांच्या फोडांना एकाच वाटीतलं मलम लावायच्या. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन लागला. मी काय झालं ते सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "गाडी थांबली की तुझा गन्नर नळी बाजूला घेतो का रे?"

तो हसला. "दादा, तुला हे कुणी शिकवलं? पहिल्या आठवड्यात शिकवतात आम्हाला ते. घेतो की. नाही घेतली तर मी त्याला जेवू देत नाही."

मी त्याला ड्रोनचं विचारणार होतो. नाही विचारलं. ढाब्यावर पेपर पडलेले असतात, त्यात मोठमोठे लेख येतात, आपल्याकडे किती, त्यांच्याकडे किती, कुणाचं लोखंड जाड. मी सगळे वाचतो, बोट ठेवून, आणि वाचून झालं की पहिल्यापेक्षा जास्त घाबरतो. त्या लेखांत झाकणाचं कधी येत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काका आणि मी अंगणात खाटेवर बसलो होतो. मी म्हणालो, "काका, तुम्हाला एवढं बारीक कसं ठाऊक? झाकण नळीला अडकतं, क्लच घसरतो, कटर लावला तर पेटतं."

ते कोपरावरचं मलम बोटानं सारखं करू लागले.

"मी फिरवली होती," ते म्हणाले. "न विचारता. रेताडात सराव होता. इंजिनले आग लागली. मी घाईत तोफ फिरवली, आमी तिघायनं वरून उड्या मारल्या. ड्रायव्हर खालीच. त्याचं झाकन माझ्या नळीखाली. मी परत वर चढलो, आत गेलो, फिरवली. निंगाला तो. जित्ता निंगाला. पन दोन्ही हात जळले. पंजे नाही राहिले कामाचे. त्याले घरी पाठवलं. हरयाण्याचा होता. जाट. माझ्या ताटात जेवाचा."

"मग?"

"त्यानं येक कार्ड धाडलं होतं. दुसऱ्याच्या हातानं लिहून. गन्नर साब, गलती मशीन की थी." काकांनी मान हलवली. "मशीनची नोती, बापू. त्याले बी मालूम होतं. मी जबाब नाही देल्ला. काय लिहू? इतके सालं झाले."

"गावाचं नाव आठवतंय?"

"आठवते. कार्ड हाये पेटीत."

मी म्हणालो, माझा ट्रेलर हरयाणाला जातो, वर्षातून दोन-तीनदा, यंत्रं भरायला. माझ्या केबिनमध्ये बर्थ आहे, पंखा आहे. तुम्ही चला.

"कायले? तो जित्ता हाये का नाही, कोनाले मालूम. असला तं ओळखनार बी नाही मले."

"ओळखलं नाही तर परत येऊ."

काकूंनी आतून विचारलं, भात टाकू का. काका म्हणाले, टाक. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडे ऊन कधी कमी होते?"

अजून तो योग आलेला नाही. ह्या हिवाळ्यात त्यांना दम्यानं धरलं, आणि मला भाडी मिळाली ती सगळी दक्षिणेची. पण होळीनंतरचं हरयाणाचं भाडं मी मालकाकडे मागून ठेवलंय, आणि ते नाही मिळालं तर त्याच्या पुढचं मागेन. काका, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवील. पेटीतलं कार्ड काढून ठेवा. मी तुम्हाला त्या गावात नेईन, त्या माणसाच्या दारापर्यंत, आणि तुम्ही आत असेपर्यंत बाहेर थांबून राहीन.